पितळी टोकन आणि हातातला फोन

मंडळी, मागच्या आठवड्यात एका सकाळी मी मिरजोळ्याहून रत्नागिरीच्या बाजारात बांगडे आणायला गेलो होतो. मासे विकणारी बाय माझ्या जुन्या ओळखीची. मी बँकेत कॅशियर होतो तेव्हा दर सोमवारी ती ओल्या नोटांची चळत घेऊन माझ्या खिडकीवर यायची. नोटांना मासळीचा वास. रांगेतले बाकीचे लोक नाकाला रुमाल लावायचे. मी त्या नोटा पंख्याखाली जरा पसरून ठेवायचो आणि सुकल्या की मोजायचो. वीस वर्षं हा क्रम चालला.

त्या दिवशी मी पाचशेची नोट पुढे केली, तर ती म्हणाली, "सुटं नाय हो भाऊ. फोन नाय आणलात?" टोपलीच्या कडेला, पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, तो ठिपक्याठिपक्यांचा चौकोनी कागद लटकत होता. मी फोन काढून पैसे भरले. तिच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला, तिने तो बघितलासुद्धा नाही. नुसत्या आवाजावरून तिला कळलं.

मी सहज विचारलं, "काय गो, आता बँकेत जातेस की नाही?"

"कशाला? पैसे आपसूक जातात."

"कुठल्या बँकेत जातात?"

ती हसली आणि म्हणाली, "फोनच्या."

वाचकहो, हे ऐकून मी बांगड्यांची पिशवी हातात घेऊन दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. कारण फोनला काही बँक नसते. तिचे पैसे जातात ते आमच्याच जुन्या शाखेत, तिच्या त्याच खात्यात. ते खातं मी उघडलेलं. पहिल्या पासबुकावर तिचं नाव माझ्या हस्ताक्षरात आहे. पैसे तिथेच आहेत, पण तिच्या मनातून ती बँक निघून गेली. सध्या बँकांचं जे चाललं आहे ते एवढ्या एका शब्दात आलं असं मला वाटतं. म्हणून आज हे लिहायला बसलो.

माझ्याविषयी थोडं सांगतो. मी मिरजोळ्याचा. आमच्या गावाच्या एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला रत्नागिरी शहर, आणि मधे जो काही कातळ आणि माती उरली आहे त्यावर आमची कलमं आणि थोडी भातशेती. १९७९ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो, पुढे कॅशियर झालो, आणि २०१७ साली निवृत्त होऊन पुन्हा कलमांत आलो. आता बँकेकडे मी दोन्ही बाजूंनी बघू शकतो, काउंटरच्या आतून आणि बाहेरून. दोन्हीकडून दिसणारी बँक वेगवेगळी असते, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

माझ्या लहानपणी आमच्या घरात बँक हा शब्द नव्हता. वडील मुंबईला गिरणीत. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनिऑर्डर घेऊन यायचा. आई पडवीत बसून अंगठा उठवायची, पोस्टमनच्या हातावर गुळपाणी ठेवायची, आणि तो त्या फॉर्मच्या खालच्या चिटोऱ्यावर वडिलांनी लिहिलेल्या चार ओळी वाचून दाखवायचा. सगळं कोकण त्या मनिऑर्डरवर जगत होतं म्हणा ना. अडीअडचणीला वाडीतला दुकानदार. तो वहीत लिहायचा, आणि आंब्याच्या दिवसांत वही उघडायचा.

मग १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँका सरकारच्या झाल्या. त्याच साली जिल्ह्याजिल्ह्याला एकेक अग्रणी बँक नेमण्याची योजना निघाली, आणि आमच्या रत्नागिरीला बँक ऑफ इंडिया मिळाली. बँका गावाच्या बाजूला सरकल्या. मी नोकरीला लागलो त्या काळात दुकानदार मंडळी बँकेला नावं ठेवायची. "कागद मागतात, माणूस ओळखत नाहीत, आमची वही बरी," असं म्हणायची. आज बँकेतले माझे मित्र फोनवाल्या कंपन्यांविषयी जे बोलतात, ते थोड्याफार फरकाने हेच असतं. तेव्हा नव्याने आलेले आम्ही होतो, एवढं लक्षात ठेवून मी पुढचं सांगतो.

आमच्या काळी चेक किंवा पैसे काढायची स्लिप दिली की तुम्हाला पितळी टोकन मिळायचं. त्यावर आकडा कोरलेला. ते हातात घट्ट धरून लोक बाकावर बसायचे. नंबर पुकारला की टोकन द्यायचं, पैसे घ्यायचे. कामाला तास लागायचा. पण त्या तासात बाकावर काय काय चालायचं! कोणाच्या कलमाला मोहोर आला, कोणाची सोयरीक मोडली, औषधाला कोणतं दुकान बरं, सगळं तिथे कळायचं. आणि खिडकीतून मलाही ऐकू यायचं. कोणाच्या घरात काय कमी आहे हे मला स्लिपवरच्या आकड्यावरून समजायचं. एकदम मोठी रक्कम काढायला आलेल्या म्हाताऱ्याला मी विचारायचो, "आबा, एवढे कशाला हो?" आणि दोनदा तरी असं विचारल्यामुळे फसवणूक टळली आहे. फोन असं विचारत नाही.

पण मी टोकनाचे गोडवे गाणार नाही. तो तास कोणाचा जायचा? मजुरी बुडवून आलेल्या बाईचा जायचा. सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसाचा जायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष चाललं होतं. सकाळी सहापासून शाखेच्या दारात रांग. पाच-सहा दिवसांनी, १४ तारखेला, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. मग ज्यांची खाती फक्त सोसायटीत आणि जिल्हा बँकेत, असे शेतकरी आमच्या दारात आले. नोट बदलायला आलेल्यांच्या बोटाला शाई लावायची असा हुकूम निघाला. ज्यांना मी तीस वर्षं नावाने ओळखतो, त्यांच्या बोटाला शाई लागलेली बघताना मला मान वर करवत नव्हती. आपल्याच पैशासाठी माणसाने इतकं उभं राहावं, ही गोष्ट लोक विसरले नाहीत. त्या हिवाळ्यात ज्यांनी पहिल्यांदा फोनवरून पैसे दिले, ते परत रांगेत आले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

आता ही फोनची व्यवस्था चालते कशी, ते साध्या भाषेत सांगतो. यूपीआय नावाची वाट २०१६ च्या एप्रिलमध्ये खुली झाली. ती बांधली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेने, आणि ही संस्था रिझर्व्ह बँकेच्या व बँकांच्याच पुढाकाराने २००८ साली उभी राहिली. म्हणजे रस्ता बँकांनी बांधला. पण त्या रस्त्यावर गाड्या धावतात त्या मुख्यतः दोन कंपन्यांच्या, फोनपे आणि गुगल पे. शंभरांतले ऐंशीच्या आसपास व्यवहार या दोघींच्या मार्फत होतात. त्याच संस्थेचं स्वतःचं भीम नावाचं ॲप २०१६ च्या डिसेंबरात निघालं, बँकांनीही आपापली ॲपं काढली, पण ती मागेच राहिली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात देशभर २००० कोटींवर यूपीआय व्यवहार झाले. मासेवालीने गाडी बघितली, रस्ता बघितला नाही, म्हणून ती "फोनच्या बँकेत" म्हणाली.

तुम्ही म्हणाल, मग बँकेचं बिघडलं काय? पैसे तर तिच्याचकडे आहेत. बिघडलं ते असं. जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेणाऱ्या दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असा नियम आहे. आपल्या दृष्टीने हे फार चांगलं झालं. पण तुमचे वीस रुपये इकडून तिकडे जाताना बँकेची यंत्रं चालतात, वीज लागते, माणसं लागतात. सरकार काही भरपाई देतं. २०२४-२५ सालासाठी छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांपोटी सुमारे १५०० कोटी रुपये मंजूर झाले होते, आणि त्यातही बँका आणि ॲपवाल्या कंपन्या असे वाटेकरी. खर्च बँकेचा आणि ओळख दुसऱ्याची, असा प्रकार झाला.

दुसरी गोष्ट बचतीची. बँक जगते ती आपल्या बचत खात्यातल्या स्वस्त पैशावर. आपल्याला थोडं व्याज द्यायचं, आणि तोच पैसा जास्त व्याजाने कर्जाऊ द्यायचा. पूर्वी आंब्याची पट्टी आली की पैसे बचत खात्यात पडून असायचे, पाऊस सरून भात कापणीला येईपर्यंत. आता माझा मुलगा पुण्याहून फोनवरच दर महिन्याला म्युच्युअल फंडात हप्ता भरतो. २०२४ च्या एप्रिलपासून देशभरातून अशा हप्त्यांचे महिन्याला २० हजार कोटींच्या वर रुपये जातात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी बँकांना जाहीर सांगितलं, की घरोघरची बचत दुसरीकडे वळू लागली आहे, काहीतरी हालचाल करा. आमच्या वेळी मॅनेजर मार्च महिन्यात ठेवी मागायला वाडीवाडीत फिरायचे, चहा घ्यायचे, खळ्यात बसायचे. हल्ली असं फिरताना मला कोणी दिसत नाही.

आणि तिसरी गोष्ट कर्जाची. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे आमच्या घरात घडलं आहे.

२०२३ च्या जानेवारीतली गोष्ट. माझ्या पुतण्याची ऐंशी कलमं. वडील वारले, घरात आई आणि तो. त्या वर्षी मोहोर झकास आला आणि पाठोपाठ थ्रिप्स सुटला. ज्यांच्या बागा आहेत त्यांना सांगायला नको. तेव्हा चार दिवस उशीर म्हणजे वर्ष गेलं. औषधाच्या दुकानात मागची उधारी बाकी, गड्यांची मजुरी रोख. तो एका बँकेच्या शाखेत पीक कर्ज वाढवून मागायला गेला. बँकेचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, दुसरीकडेही हेच झालं असतं.

साहेब परप्रांतातला, तरुण, बोलायला नम्र. त्याने सातबारा उघडला आणि बोटाने नावं मोजली. सतरा. कोकणातला सातबारा म्हणजे काय असतो, हे मी तुम्हाला काय सांगू! त्या सतरांतली नऊ नावं मुंबईला, दोन बडोद्याला, एक आत्या राजापूरला सासरी, दोघं स्वर्गात, त्यांची वारसनोंद अजून व्हायची. उरलेले तिघं काय ते गावात. साहेब म्हणाला, सगळ्यांची संमती आणा. त्याचंही चूक नव्हतं, त्याच्या पुस्तकात तसंच लिहिलेलं. पुतण्याने तीन खेपा घातल्या. चौथ्यांदा तो गेला नाही.

मला त्याने यातलं काही सांगितलं नाही. काका बँकेतले, काका ओरडतील.

एका रात्री फोनवर जाहिरात दिसली. पाच मिनिटांत कर्ज, जामीन नको, सातबारा नको. त्याने आधार कार्डाचा फोटो दिला, स्वतःचा फोटो दिला, आणि फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली तिथे "हो" दाबलं. वीस हजार मंजूर झाले. खात्यात आले चौदा हजार सहाशे. बाकीचे कसलंसं शुल्क म्हणून आधीच कापलेले. मुदत सात दिवस! आंब्याला मोहोरापासून फळ हाती यायला तीन-साडेतीन महिने लागतात, आणि कर्जाची मुदत सात दिवस. फेडायला जमेना म्हणून त्याने दुसऱ्या ॲपवरून घेतले, त्यासाठी तिसऱ्या. दीड महिन्यात त्याने एक्केचाळीस हजार भरले होते, आणि ते म्हणत होते अजून तीस बाकी.

मग फोन सुरू झाले. त्याच्या आईला, वाशीच्या आडत्याला, शाळेतल्या जुन्या मास्तरांना. ज्या घरी त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, तिथेही. नंबर त्यानेच देऊन ठेवलेले ना! त्याचा फोटो कसल्यातरी घाणेरड्या चित्राला जोडून नातेवाईकांना पाठवला. चार दिवस पोरगा जेवला नाही. एका रात्री वहिनीला जाग आली तर अंथरूण रिकामं. बाहेर येऊन बघते तर तो विहिरीच्या काठावर बसलेला. ती ओरडली नाही, काही बोलली नाही, नुसती जवळ जाऊन बसली. उजाडेपर्यंत दोघं तिथेच होती. पहाटे मला हाक आली.

त्या दिवशी मी त्याच्या फोनमधल्या एकूण एक माणसाला आमच्या घरातून कळवायला लावलं. मी, वहिनी आणि माझी बायको, तिघांनी वाटून घेतलं. "आमच्या पोराला फसवलं आहे, असे फोन आले तर विश्वास ठेवू नका." दोनशेच्या आसपास नंबर होते. दुपारपर्यंत लाज कुठल्या कुठे गेली. आलेले निरोप, नंबर, पैसे भरल्याच्या नोंदी हे सगळं काढून घेतलं, पोलीस ठाण्यात तक्रार दिली, आणि पुढे एक पैसा भरला नाही. महिनाभर फोन येत राहिले, मग थांबले. आडत्या म्हणाला, "पोरगा माल चांगला देतो, बाकी मला काय करायचंय," आणि त्याने उचल दिली. त्या उचलीपायी वर्षभराचा माल त्यालाच घालावा लागला, तो हिशेबही आम्हाला ठाऊक आहे. पण कलमं वाचली. सोयरीक मात्र मोडली ती मोडलीच.

या गोष्टीत दोषी कोण, यावर आमच्या ओटीवर पुष्कळ वाद झाले. त्या लबाड ॲपवाल्यांविषयी बोलायलाच नको, ते दरोडेखोर. पण मला रात्री झोप लागेना ती वेगळ्याच कारणाने. अडतीस वर्षांत "सातबारा साफ करून आणा" असं सांगून मीही कितीतरी जणांना खिडकीवरून परत पाठवलं होतं. त्यांपैकी कोण कुठे गेला, कोणाच्या वहीत अडकला, मी कधी चौकशी केली नाही. तेव्हा फोन नव्हते, एवढाच फरक.

आणखी एक सांगतो. मी पुतण्याचं पासबुक मागून घेतलं आणि संध्याकाळी चष्मा लावून वाचलं. अकरा वर्षं दर एप्रिल-मेमध्ये आंब्याची पट्टी जमा झालेली. दर वर्षी पीक कर्ज मुदतीत भरून नवं-जुनं केलेलं. वडील गेले त्या वर्षीसुद्धा एक हप्ता चुकलेला नाही. हा माणूस कर्ज बुडवणारा नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. हे पुस्तक बँकेचंच, छापलेलंही बँकेनेच, आणि साहेबाने ते उघडलं नाही. नव्या कंपन्यांमधल्या ज्या सरळमार्गी आहेत, त्यांनी नेमकं हेच हेरलं. त्या खात्यात येणारा-जाणारा पैसा बघतात आणि त्यावरून माणूस जोखतात. चहाच्या टपरीवाल्याला त्या याच हिशेबावर कर्ज देववतात. त्यांचं व्याज जास्त असतं, पण मुळात त्या वाचतात. आमच्याकडे सगळ्या जिल्ह्याचं जगणं खतावणीत लिहिलेलं होतं आणि आम्ही ते कपाटात ठेवून कुलूप लावत होतो.

आता बँकांनाही जाग आली आहे असं दिसतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये एक सामाईक व्यवस्था प्रयोग म्हणून सुरू केली. जमिनीचे उतारे, खात्याची माहिती, दुधाचे हिशेब असं सगळं शेतकऱ्याच्या संमतीने कर्ज देणाऱ्या बँकेला थेट दिसावं, हा हेतू. पुढच्या वर्षी तिला यूएलआय असं नाव मिळालं. १ जानेवारी २०२५ पासून शेतीसाठी विनातारण कर्जाची मर्यादा १ लाख ६० हजारांवरून २ लाख झाली. चांगलं आहे. पण सतरा नावांचा सातबारा फोनवर दिसू लागला तरी तो सतरा नावांचाच राहतो. हे काम आपलं, घरातलं. गणपतीला सगळे चाकरमानी एकत्र येतात, तेव्हा आरती झाल्यावर तासभर बसून वारसनोंद आणि वाटणीचं बोलून घ्या. भांडण होईल. होऊ दे.

कोणी म्हणेल, मग बँका संपणार का? मला तसं वाटत नाही. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, आणि त्या रात्रीपासून फोनपे बंद पडलं. कारण त्याचे यूपीआयचे व्यवहार त्या एका बँकेच्या आधाराने चालत होते. दुसऱ्या बँकेचा आधार घेऊन ते पुन्हा सुरू झालं, पण तेवढ्या वेळात लोकांना कळलं की फोनच्या पाठीमागे बँक असते. ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएमच्या पेमेंट्स बँकेवर नियम न पाळल्याबद्दल कारवाई झाली, आणि १५ मार्चनंतर तिला खात्यांत नवे पैसे घेता येईनासे झाले. पेटीएमचं ॲप पुढे दुसऱ्या बँकांच्या आधाराने चालू राहिलं.

जुन्या बँका फार भरवशाच्या, असंही समजू नका. मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक आठवते ना? सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. मुलुंड-भांडुपकडे राहणाऱ्या आमच्या किती लोकांची झोप उडाली होती! शेवटी जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. आणि ही युनिटी कोणाची? सेंट्रम नावाची वित्तसंस्था आणि भारतपे, म्हणजे दुकानांत ठिपक्यांचे चौकोन चिकटवणारी फोनवाली कंपनी, या दोघांनी मिळून काढलेली. बुडालेल्या जुन्या बँकेला हात द्यायला नवी कंपनी आली. मात्र ज्यांच्या ठेवी पाच लाखांच्या वर होत्या, त्यांना वरची रक्कम हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत वाट बघत घ्यावी लागते आहे.

त्या पाच लाखांचं आधी सांगतो. बँक बुडाली तर एका माणसाच्या एका बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एक लाखच होतं. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पण पतसंस्थेला नाही, आणि फोनमधल्या पाकिटात साठवलेल्या पैशालाही नाही. सगळी आंब्याची कमाई एके ठिकाणी ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

फोनवरून कर्ज घ्यायची वेळ आलीच, तर कर्ज देणारी बँक किंवा नोंदणी झालेली वित्तसंस्था कोणती, हे आधी विचारा. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला आहे, की एकूण खर्च आणि वर्षाचा व्याजदर लिहिलेला कागद आधी दाखवायला हवा, पैसे थेट तुमच्या खात्यात यायला हवेत, विचार बदलला तर ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार देऊन कर्ज परत करता यायला हवं, आणि फोनमधले नंबर-फोटो बघायला मागता कामा नयेत. नंबर मागितले की समजा, चोर आहे. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दहादा सांगा. आणि फसलात तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. साधा बटनांचा फोन असणाऱ्यांसाठीही २०२२ पासून यूपीआयची सोय आहे, पण शिकवायला घरातलंच कोणीतरी बसवा, अनोळखी माणसाच्या हातात फोन देऊ नका.

आमच्या शेजारच्या आजीचं मात्र यातल्या कशानेच भागत नाही. तिचं निराधार योजनेचं अनुदान बँकमित्राकडे अंगठा लावून मिळतं. जन्मभर भात लावून आणि काजू सोलून तिच्या बोटांवरच्या रेघाच पुसून गेल्या आहेत. यंत्र तिला ओळखत नाही. चार बोटं लावून बघायची, कधी एखादं लागतं, कधी नाही. नाही लागलं की ती रिक्षा करून शाखेत जाते. तिथे एक मुलगी आहे, नवीनच लागलेली, ती आजीला खुर्चीवर बसवते आणि स्लिप भरून देते. शाखेत आता बाक नाही, पण एवढं तरी शिल्लक आहे.

मासेवालीचं राहिलंच. मी तिला समजावून सांगितलं, "बाय, फोनच्या बँकेत काही नाही. पैसे आपल्या जुन्याच बँकेत आहेत, तुझ्या खात्यात." ती क्षणभर बघत राहिली. मग हात टोपलीवर पुसून म्हणाली, "खरं काय? मग भाऊ, माझ्या खात्यावर अजून घरवाल्याचं नाव असंल. तो जाऊन सहा वर्सं झाली. उद्या माझं काय झालं तर पोरींना मिळंल ना?"

मी म्हटलं, आधी नॉमिनी बदलून घेऊ. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. तिच्या तिघी मुली, तिघींची नावं घालता येतील. हे काम फोनवर करायला तिला जमायचं नाही. सोमवारी मासे लवकर संपले तर बारा वाजता तिला घेऊन शाखेत जायचं ठरलं आहे. आधार कार्डं आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला बरोबर आण, असं मी तिला दोनदा बजावलं आहे.